पोट सैल सोडा, मॅडम

कंबर दुखायला लागली तेव्हा मी आधी शाळेतल्या खुर्च्यांना शिव्या घातल्या, मग मुख्याध्यापकांना, आणि मग डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुमचे पोटाचे स्नायू साफ झोपलेत. त्यांना उठवा." एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कसं उठवायचं ते माझं मी बघायचं होतं.

योगासनं करून पाहिली. तिथले गुरुजी आसनं कमी आणि प्रवचन जास्त देत. दिवसभर नववी-दहावीला गणित शिकवून आल्यावर दुसऱ्याचं ऐकून घ्यायची ताकद माझ्यात उरत नाही. झुंबाला गेले तर गुडघा कुरकुरायला लागला. तेवढ्यात कापडबाजारात पडद्याचं कापड घ्यायला गेले असताना एका दुकानाच्या वरच्या मजल्याची पाटी दिसली. फक्त महिलांसाठी. गरबा, झुंबा, लग्नातले डान्स, आणि सगळ्यात खाली बेली डान्स, पोट आणि कंबरेसाठी उत्तम. मी 'कंबर' एवढंच वाचलं आणि जिना चढले. बाकीचं वर गेल्यावर कळलं.

आमच्या शाळेतले इतिहासाचे सर सांगतात की सुलतानांच्या काळात या शहराचं नाव कैरो आणि बगदादच्या बरोबरीनं घेतलं जायचं. दर वर्षी नव्या मुलांना ते हे सांगतात आणि दर वर्षी मुलं खिडकीतून बाहेर बघतात. आता एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर असतं, कंडक्टर मात्र "नगर, नगर" असंच ओरडतो. कैरोचं म्हणावं असं या बाजारात आता एवढंच उरलंय, कापडाच्या दुकानावरचा आमचा क्लास. सरांना हे सांगायची मला फार इच्छा होती, पण सांगितलं नाही. सेहेचाळीस वर्षांची अविवाहित गणिताची बाई बेली डान्स शिकते हे स्टाफरूममध्ये एकदा पोचलं की दहावीच्या वर्गात पोचायला मधली सुट्टीसुद्धा लागत नाही.

आईलाही सांगितलं नव्हतं. वडील गेल्यापासून ती माझ्याजवळ राहते. तिला मी "व्यायामाचा क्लास" म्हटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

हॉल जुना होता. भिंती हातभर जाड, खिडक्या खोल, आणि खालच्या दुकानातल्या नव्या कापडाचा खळीचा वास थेट वर यायचा. एका भिंतीला पूर्ण आरसा. शिकवणारी पोरगी पुण्यात शिकून आलेली, माझी विद्यार्थिनी शोभली असती इतकी लहान. पहिल्या दिवशी तिनं एक जांभळा रुमाल आणला, तिकोनी, त्याला पत्र्याच्या चकत्या लावलेल्या, आणि म्हणाली, "मॅडम, हात वर करा."

मी हात वर केले. ती मागून पुढं आली, रुमाल माझ्या कंबरेभोवती घेतला आणि पोटाच्या खाली गाठ मारली. त्याबरोबर माझं पोट दगडासारखं घट्ट झालं. तिनं दोन बोटांनी दाबून पाहिलं आणि हसली. "पोट सैल सोडा, मॅडम. मारत नाही कुणी."

मला सोडता आलं नाही. मी हात वर करून उभी होते आणि समोरच्या आरशात मला आत्या दिसली.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या घरात ती सोयच नव्हती. आमचं मूळ गाव तिसगावच्या बाजाराचं, पाथर्डी तालुक्यात. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गाठोड्यात बांधून नदीच्या डोहात सोडले. तेव्हापासून भिंतीवर दोन फोटो आणि खाली पुस्तकांची फळी, एवढंच. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मांजर आडवं गेलं म्हणून कुणी थांबलं तर ते त्या माणसाला तिथंच उभं करून शिकवणी घ्यायचे.

पण देव डोहात गेले आणि आत्याचं वारं काही गेलं नाही. अंगात येण्याला आमच्याकडे वारं म्हणतात. आत्या वडिलांची धाकटी बहीण. मूलबाळ झालं नाही म्हणून सासरच्यांनी परत पाठवलेली, आमच्यातच राहायची. वर्षभर तिच्याकडे बघून कुणाला काही कळलं नसतं. ज्वारी काढायला लागली की तिच्या ओळीला कुणी पोचायचं नाही. मला भाकरी थापायला तिनंच शिकवलं, आणि माझी भाकरी फाटली की ती इतकी हसायची की आई वैतागायची. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची. वंदना तिला वडिलांपेक्षा चांगली पाठ होती.

गावच्या देवीची जत्रा मात्र तिला सोसायची नाही. ओढ्यापलीकडं हलगी वाजायला लागली की इकडं आमच्या घरात आत्याचं पोट थरथरायला लागायचं. बेंबीच्या खालून सुरू व्हायचं आणि वर चढायचं. तिचे डोळे उघडे असायचे, पण ती कुणाकडं बघत नसायची. गावातल्या ज्या बायका आमच्या घरचं पाणी पीत नव्हत्या, त्या त्या दिवशी लिंबू-नारळ घेऊन आमच्या मागच्या दाराशी यायच्या. कुणाला मुलगा हवा असायचा, कुणाची म्हैस आटलेली असायची. आत्याच्या पायावर डोकं ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात दिसल्या तर अंग चोरून जायच्या. वडिलांचा संताप व्हायचा. मलाही आज होतो.

यावर उपाय आत्यानंच काढला. जत्रेच्या सकाळी ती आतल्या खोलीत हात वर करून उभी राहायची आणि आई जुन्या लुगड्यानं तिचं पोट बांधायची, बाळंतिणीचं बांधतात तसं, पण त्याहून घट्ट. आत्या स्वतः म्हणायची, "आवळ वहिनी, आजून आवळ." बांधून झालं की ती अंथरुणावर पडायची, आई दाराला कडी लावून आत तिच्याजवळ बसायची, आणि वडील ओसरीत रेडिओ मोठा करून बसायचे. हलगी ऐकू येऊ नये म्हणून. संध्याकाळी जत्रा पांगली की आत्या बाहेर येऊन चहा मागायची. मग वर्षभर काही नाही.

मी चौथीत होते त्या वर्षी आत्या चहा मागायला बाहेर आली नाही. आम्हा मुलांना सकाळीच शेजारी पाठवलं होतं. दुपार कलल्यावर आमच्या दाराशी टेम्पो उभा दिसला आणि गोधडीत गुंडाळून तिला त्यात ठेवताना दिसलं. नगरला पोचायच्या आत ती गेली. आम्हाला सांगितलं, पोटात दुखून गेली. गावानं सांगितलं, देवी सोडली म्हणून देवीनं नेली. वडील पुढं जगले तोवर गावाच्या या एका वाक्याशी भांडत होते.

तिसऱ्याच्या दिवशी मागच्या दाराला येणाऱ्यांपैकी एक म्हातारी आली. मी उंबऱ्यात बसले होते. तिनं माझ्या पोटावर तळवा ठेवला, जरा वेळ तसाच धरला, आणि कुणाला तरी म्हणाली, "आता हिच्यात."

तेव्हापासून मी पोट घट्टच धरत आले असणार. मी गणित घेतलं, नगरला आले, गावची भाषा सोडली, जत्रेच्या दिवसांत गावाला जायचं टाळलं. लग्नाचं जमलं नाही, मग जमवायचं राहून गेलं. हे सगळं त्या म्हातारीमुळं झालं असं मी म्हणणार नाही, मी काही तेवढी दुबळी नाही. पण तिचा तळवा मला अजून कळतो. तो गार होता.

तरीही मी क्लासला जात राहिले. एक तर कंबर खरंच हलकी वाटायला लागली होती. दुसरं म्हणजे तिथं एक बाई भेटली. बाजारात तिच्या घरचं बांगड्यांचं दुकान आहे. बुरखा खुंटीला अडकवला की ती थेट आरशासमोर पहिल्या रांगेत उभी राहायची आणि तिचं पोट असं लाटांनी हलायचं की शिकवणारीसुद्धा थांबून बघायची. चार बाळंतपणं झालेलं पोट, तिला त्याचा जरासुद्धा संकोच नव्हता. मला म्हणायची, "मॅडम, तुमी लई डोकं लावता. पोटाला डोकं नसतंय." मी तिला सांगितलं की दहावीला असताना तू माझ्या वर्गात असतीस तर तुला मागच्या बाकावर बसवलं असतं. ती म्हणाली, "मागंच बसायचे की मी."

मला सगळ्यात आधी आकडे कळले. आठ मात्रा, उजवा खुबा वर, डावा खाली. ते मी चटकन उचललं. पोट मात्र हलायला तयार नव्हतं. शिकवणारी दर वेळी माझ्यासमोर येऊन तेच म्हणायची. "सोडा, मॅडम. धरून ठेवलंय तुम्ही. सोडा." ती सोडा म्हणाली की मी आणखी धरायची. आणि तो ढोल. तिच्या मोबाईलवर कुठलातरी अरबी ढोल वाजायचा, बाकी वाद्य नाही, गाणं नाही. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी खिडकीकडं बघितलं, कारण मला वाटलं खाली रस्त्यावर हलगी आली.

शेवटी जे यायचं ते आलंच. शिमी नावाचा एक प्रकार असतो. गुडघे किंचित वाकवून भराभर हलवायचे, कंबर आपोआप थरथरते, आणि पोट सैल असेल तर तेही. पावसाळा संपता संपता एका दुपारी मी फार दमले होते. शाळेत पेपर तपासून डोळे गेले होते. कुणाशी भांडायला त्राण नव्हतं, पोटाशीही नाही. ढोल सुरू झाला, गुडघे हलायला लागले, आणि बेंबीच्या खाली काहीतरी सुटलं. थरथर तिथून सुरू झाली आणि वर चढली. बांगडीवाली ओरडलीच, "आलं, मॅडमना आलं."

शिकवणारीनं ढोल बंद केला. सगळ्या थांबल्या. मी थांबले नाही.

मला थांबायचं होतं, पण पोट ऐकेना. आरशात माझं तोंड माझंच होतं, त्याखाली रुमालाच्या चकत्या वाजत होत्या, आणि मधलं सगळं आत्याचं होतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. कुणाला फार वाटलाही नसेल. मग मी खाली बसले, गुडघे पोटाशी घेतले, आणि ते शांत झालं. शिकवणारी आनंदानं म्हणाली, "मॅडम, हे तर बेस्ट आहे. स्नायू मोकळे झाले की सुरुवातीला थांबत नाहीत पटकन. होतं असं." मला तिचं म्हणणं समजलं. विद्यार्थ्यांना सिद्धता समजते तसं समजलं, म्हणजे फळ्यावर पटली आणि घरी गेल्यावर पुसली गेली. मी फार घाबरले होते. मला वाटत होतं की ती म्हातारी बरोबर होती.

दोन-तीन आठवडे मी गेले नाही. पण शरीर एकदा शिकलं की शिकलं. दिवाळीच्या आधी मी ओट्याशी उभी राहून मिक्सरवर चटणी वाटत होते. मिक्सरची घरघर चालू होती, मी कसलातरी विचार करत होते. अचानक मिक्सर बंद झाला. वळून पाहिलं तर आईनं भिंतीवरचं बटण बंद केलं होतं आणि ती माझ्या कंबरेकडं बघत होती. मी पण खाली बघितलं. गाऊनच्या आत ते हलत होतं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आई आत गेली, तिच्या पेटीतून एक जुनं सुती लुगडं काढून आणलं आणि त्याची घडी करत माझ्यासमोर उभी राहिली. "हात वर कर," ती म्हणाली.

"आई, काय करतेस?"

"हात वर कर गं. वर चढायच्या आत बांधू."

मला तिचा राग आला. खरं तर स्वतःचाच आला, पण समोर ती होती. मी म्हणाले की हा नाच आहे, याचा क्लास असतो, बाजारात हॉल आहे, जगभर बायका हे करतात, आणि आपल्या घरात असलं काही मानत नाहीत. शेवटचं वाक्य मी वडिलांच्या आवाजात म्हणाले. आईनं लुगड्याची घडी सोडली नाही. "तुजे वडीलबी असंच म्हनायचे," ती म्हणाली. "आन् बांध म्हनूनबी तेच सांगायचे."

त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी. मी शाळेतून आले की ती माझ्या चेहऱ्याकडं बघायच्या आधी पोटाकडं बघायची. लुगडं तिनं उशाशी ठेवलं होतं. असं महिनाभर चाललं असतं तर दोघींपैकी एकीला दवाखान्यात न्यावं लागलं असतं. म्हणून मीच ठरवलं की तिला क्लासला न्यायचं. ती बघेल, हसेल, नाक मुरडेल, आणि घरात पुन्हा नीट स्वयंपाक होईल. आणि तिच्यासमोर मला थांबता आलं तर मलाही कळेल की हे वारं नाही, असं मी मनात धरलं होतं. नाही थांबता आलं तर पुन्हा तो जिना चढायचा नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही रिक्षानं गेलो. जिना चढताना ती मध्ये थांबून दम खात होती. तिला खिडकीजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. बांगडीवालीनं खालून चहा मागवला आणि "आजी, तुमी पन शिका की" म्हणून तिची थट्टा केली. आईनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि प्यायलाच नाही.

ढोल सुरू झाला. सगळ्या बायका थरथरायला लागल्या, जाड, बारीक, म्हाताऱ्या, कॉलेजच्या पोरी, सगळ्या एकदम, आणि चकत्यांचा एवढा आवाज झाला की ढोल ऐकू येईना. मी आईकडं बघत होते. आई एकेकीचं पोट बघत होती, बाजारात भाजी बघावी तसं, सावकाश आणि संशयानं. माझ्या पोटात ते पुन्हा सुटलं, वर चढलं. शिकवणारीनं हात वर केला आणि ढोल बंद झाला. सगळ्या थांबल्या.

मीही थांबले. एक आचका आला, दुसरा आला, आणि मग पोट माझं झालं. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

आईनं शेजारी उभ्या असलेल्या बांगडीवालीला विचारलं, "थांबता येतं व्हय तुमाला?"

"येतं की आजी. थांबा म्हटलं की थांबायचं."

"मनात आलं तर मधीच?"

"मधीच पन."

आईनं मान हलवली आणि कप खिडकीत ठेवला. "चल घरी," ती मला म्हणाली. क्लास अजून अर्धाच झाला होता, पण तिचा चेहरा बघून मी वाद घातला नाही. रुमालाची गाठ आवळून बसली होती आणि चकत्यांचा दोरा तिच्यात अडकला होता. घरी गेल्यावर बघू म्हणून मी वरून कुर्ता ओढला. रिक्षा खड्ड्यात गेली की माझ्या कुर्त्याखाली चकत्या वाजायच्या आणि रिक्षावाला आरशातून मागं बघायचा. आई सगळा रस्ता बाहेर बघत होती.

घरी आल्यावर ती चपला न काढताच दिवाणाच्या कडेला बसली. मला वाटलं, आता म्हणेल की शोभत नाही. ती म्हणाली, "वन्सं मला सोड म्हनत हुत्या."

मी तिच्याजवळ बसले. तिनं सांगितलं ते असं. पहिल्या वर्षी पोट बांधताना आत्यानं तिच्याकडून वचन घेतलं होतं. एकदा बांधलं की संध्याकाळपर्यंत सोडायचं नाही. वारं आत कोंडलं की ते फसवायला बघतं, माझ्या तोंडानं बोलतं, रडतं, गयावया करतं. "मी सोड म्हनले तरी सोडू नको वहिनी. ती मी नसते." दर वर्षी दुपारी आत्या सोड म्हणायची, दर वर्षी आई सोडायची नाही, आणि दर वर्षी संध्याकाळी आत्या तिचे हात धरून म्हणायची, बरं केलंस.

"त्या वर्साला सकाळपासूनच थरथरत हुत्या," आई म्हणाली. "हलगी वाजायच्याबी आदी. अंग तापलं हुतं. मला वाटलं औंदा लई जोरात आलंय. म्हनून मी जास्त आवळलं. म्हनल्या, वहिनी सोड, पोटात लई दुखतंय. मी न्हाई सोडलं. मग म्हनल्या, अगं मीच हाय. मीच बोलतीये. मी म्हनलं, न्हाई, ह्ये वारंच बोलतंय."

बाहेर वडिलांचा रेडिओ मोठ्यानं चालू होता. क्रिकेटची कॉमेंट्री होती. आत्या हाका मारत होती त्या ओसरीपर्यंत गेल्या नाहीत. ती गप्प झाली तेव्हा आईला वाटलं, वारं उतरलं. नगरच्या डॉक्टरांनी नंतर वडिलांना सांगितलं की आतडं फुटलं होतं, थंडी वाजून थरथर आली असणार, सकाळी आणली असती तर वाचली असती. वडील घरी येऊन आईला एवढंच म्हणाले की कुणाला सांगू नको. आईनं सांगितलं नाही, मला सुद्धा नाही.

देव न मानणारं आमचं घर. गावातली कुठलीही अंधश्रद्धाळू म्हातारी त्या दिवशी आत असती तर तिनं कपाळाला हात लावून पाहिला असता, लिंबू उतरवला असता, आणि मग ताप आहे म्हणून टेम्पो बोलावला असता. आम्हीच तेवढे असे होतो की आजारालाही वारं समजलो. आणि आईनं तर दुसरं काही केलं नव्हतं, दिलेला शब्द पाळला होता. मी तिला तसं म्हणाले. तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही.

"तवापासून मी इचार करती," ती म्हणाली. "कसं वळखायचं गं, कोन बोलतंय ते?"

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचं पाणी वाहत होतं. बसल्यानं रुमाल पोटात काचायला लागला होता. मी उभी राहिले, कुर्ता वर केला आणि गाठीशी खटपट सुरू केली. घामानं ती आणखी आवळली होती, नख आत जाईना. दोनदा प्रयत्न केला आणि वैतागून, काहीच विचार न करता मी म्हणाले, "आई, सोड ना हे. पोटाला काचतंय."

म्हटल्यावर माझं मला ऐकू आलं. आई दिवाणावर ताठ झाली होती. तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं, तिथं थरथर होती की नव्हती मला ठाऊक नाही, मग वर माझ्या डोळ्यांत पाहिलं. तिनं अगदी हळू विचारलं, "कोन बोलतंय?"

"मीच," मी म्हणाले. "मीच बोलतेय."

आत्याही हेच म्हणाली होती. आम्हा दोघींना ते एकदमच आठवलं असणार. मी खरं बोलत होते, पण ते सिद्ध करायला माझ्याजवळ काही नव्हतं, आणि आत्याजवळही काही नव्हतं.

आई उठली. चपला काढल्या, चष्मा काढून दिवाणावर ठेवला, आणि माझ्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसली. मी हात वर धरले. तिची बोटं आता नीट वळत नाहीत. तिनं बराच वेळ लावला, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती, मग पुढं वाकून गाठीला दात लावले. दोरा तुटला, चकत्या फरशीवर सांडल्या आणि रुमाल खाली पडला. तिनं तो उचलला नाही. तिचा तळवा माझ्या पोटावर होता आणि तो गरम होता.

"आता दुखतंय का?" तिनं विचारलं. ती कुणाला विचारत होती ते मी विचारलं नाही.

"न्हाई," मी म्हणाले.